मातीचे शिपाई आणि मरणाऱ्याचा शब्द

शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकाबाईंनी आम्हांला एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या वर्गातील एका मुलीने चीन देशातील मातीच्या शिपायांचे चित्र पाहिले आणि विचारले, "बाई, राजा मेला म्हणून ह्या सगळ्यांना पुरले का?" बाईंनी उत्तर दिले की, ते पुतळे आहेत, माणसे नव्हेत, तेव्हा कोणीही मेले नाही. मुलीचे समाधान झाले; बाईंचे झाले नाही. आपण दिलेले उत्तर बरोबर होते का, असे त्या विचारतात. उत्तर दोन ओळींत देता आले असते. पण हा विषय चीनमध्ये सुरू होतो, तेथून आमच्या भीमेच्या काठी येतो आणि शेवटी आपल्याच घरांत शिरतो. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

शिआन हे चीनमधील जुन्या राजधानीचे शहर. त्याच्या पूर्वेस मार्च १९७४ मध्ये काही शेतकरी विहीर खणत असता त्यांना भाजलेल्या मातीचे तुकडे लागले. पुढे सरकारने उत्खनन केले तेव्हा जमिनीखालच्या लांबच लांब खंदकांतून रांगेने उभे असलेले पुरुषभर उंचीचे शिपाई निघाले. घोडे, रथ, तिरंदाज, सरदार, सारा लवाजमा. चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग इ. स. पूर्व २१० मध्ये मेला. त्याच्या थडग्याचे हे राखणदार. एकंदर पुतळे सुमारे आठ हजार असावेत असा अंदाज आहे. त्यांतील बरेचसे अजून मातीखालीच आहेत, आणि ज्या टेकडीखाली सम्राट स्वतः आहे ती तर उघडलेलीच नाही. धड, हात, डोकी वेगवेगळी घडवून जोडलेली. डोके साच्यातून काढून मग हाताने कोरलेले. त्यामुळे चेहरे सारखे वाटत नाहीत. कोणी मिशीवाला, कोणी पोरसवदा. वर रंगही दिलेला होता, पण मातीतून बाहेर काढल्यावर तो सुकून गळून पडतो. हातांत दिलेली शस्त्रे मात्र खऱ्या काशाची होती. एवढी जय्यत तयारी असूनही सम्राटाच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत त्याचे राज्य बुडाले, आणि त्या धामधुमीत ह्या खंदकांनाही आग लागली.

पुतळ्यांवर काही ठिकाणी कारागिरांची नावे आढळतात. पूर्वीच्या राजाने कारागिराचा केवढा मान ठेवला, असे वाचणाऱ्याला वाटेल. कारण निराळे होते. त्या राज्यात वस्तूवर करणाऱ्याचे नाव घालण्याची सक्ती होती, ती खोट निघाल्यास कोणाला धरायचे हे कळावे म्हणून. थडग्याच्या परिसरात मजुरांची दफनेही सापडली आहेत. त्यांतल्या काहींजवळ फुटक्या कौलाचा तुकडा ठेवलेला आहे. त्यावर मेलेल्याचे नाव व गाव खरवडले आहे, आणि कोठे कोठे हा मनुष्य दंडाची रक्कम फेडण्यासाठी कामावर आला होता अशी नोंद आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी निजामी अमलात वेठबिगार केली आहे, त्यांना ह्या कौलाचा अर्थ फोडून सांगायला नको.

आणि इतक्यावर भागले नाही. चीनचा जुना इतिहासकार समा छ्येन ह्याने ह्या सम्राटानंतर सुमारे शंभर वर्षांनी ग्रंथ लिहिला. तो सांगतो की, सम्राटाच्या ज्या बायकांना मूल नव्हते त्यांनी त्याच्या मागोमाग गेले पाहिजे असा हुकूम नव्या सम्राटाने सोडला, आणि थडग्यातील गुप्त योजना ज्यांनी केल्या त्या कारागिरांना आत ठेवून दरवाजा बंद केला. वास्तविक ह्याच छिन घराण्याच्या पूर्वजांनी इ. स. पूर्व ३८४ मध्ये राजाबरोबर माणसे पुरण्याची चाल बंद केली होती. त्यापूर्वी ती किती भयंकर होती हे त्याच घराण्यातील चिंग नावाच्या राजाच्या थडग्यावरून दिसते. हा राजा इ. स. पूर्व ५३७ मध्ये वारला. त्याच्याबरोबर पुरलेल्या १८६ माणसांचे अवशेष उत्खननात निघाले. चाल बंद झाली, जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गेली, माणसांऐवजी मातीचे पुतळे आले, तरी वेळ येताच जिवंत बायकांवर आणि कारागिरांवर पुन्हा हात गेलाच.

तेव्हा बाईंनी त्या मुलीला असे सांगावे, असे आम्हांस वाटते: जे शिपाई चित्रात दिसतात ते मातीचे आहेत आणि त्यांना काही झाले नाही, परंतु जे चित्रात दिसत नाहीत अशी पुष्कळ माणसे त्या राजापायी मेली. मुले खरे उत्तर सोसतात.

येथे एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कन्फ्यूशियस ह्या चिनी ज्ञानी पुरुषाला मेलेल्यांबरोबर पुतळे पुरणे मुळीच पसंत नव्हते, असे त्याच्या मताचा पुढील आचार्य मेन्शियस सांगतो. पुतळे माणसासारखे दिसतात, म्हणजे त्यांत माणसाला वापरल्याची कल्पना येते, हा त्याचा आक्षेप. चिंग राजाबरोबर ती १८६ माणसे पुरली गेली तेव्हा कन्फ्यूशियस चौदा-पंधरा वर्षांचा होता. प्रथम वाचताना आम्हांला हा आक्षेप उलटा वाटला. जिवंत माणूस पुरण्यापेक्षा माती पुरणे किती तरी बरे! अब्राहामाच्या हाती इसहाकाऐवजी एडका आला तेव्हा आपण देवाची स्तुती करतो. मग माणसाऐवजी पुतळा आला तर तक्रार कशाची? पण इतिहास पाहिल्यावर त्या ज्ञान्याचे म्हणणे ध्यानात येते. एडका आला तेव्हा इसहाकाला उतरवले आणि तो आपल्या पायांनी घरी परतला. पुतळा आला तेव्हा शिपायाला कोणी मोकळे केले नाही. तू मेल्यावरही माझाच, माझ्या दाराशी उभा राहशील, हा राजाचा दावा होता तसाच राहिला; तेवढी एक तऱ्हा बदलली. आणि दावा शिल्लक असला म्हणजे सोय होताच तो पुन्हा वसूल केला जातो.

आता नकलांविषयी. शिआनच्या आसपास ह्या शिपायांच्या नकला करण्याचा मोठा धंदा चालतो. बोटाएवढ्या बाहुलीपासून खऱ्या उंचीच्या पुतळ्यापर्यंत सर्व मिळते; गिऱ्हाइकाचा स्वतःचा चेहरा बसवूनही देतात म्हणे. (कोणाला आपण थडग्याचे राखणदार असावे असे का वाटावे, हे आम्हांस उमगलेले नाही.) २००७ साली जर्मनीतील हाम्बुर्ग शहराच्या एका संग्रहालयात ह्या शिपायांचे प्रदर्शन भरले होते. हजारो लोक तिकीट काढून पाहून गेले. नोव्हेंबरात प्रदर्शन उघडले आणि डिसेंबरात कळले की मांडलेले पुतळे अस्सल नसून नकला आहेत. प्रदर्शन बंद करावे लागले. फसवणूक ती फसवणूक. अस्सल म्हणून नक्कल दाखविणे हे खोटे माप वापरण्यासारखेच आहे, ह्यात शंका नाही. पण फसवणूक बाजूला ठेवून पाहिले तर त्या नकलेत काय कमी होते? माती तीच, आकार तोच, उंची तीच. कमी होते ते एवढेच की तिच्यापायी कोणी दंडाचा मजूर मेला नव्हता, कोणी कोंडला गेला नव्हता. दुकानातील नकली शिपाई हा त्या सबंध गोष्टीतला एकच निरपराध शिपाई आहे. आणि त्याची किंमत कमी. अस्सल वस्तू पाहण्याची ओढ स्वाभाविक आहे, ती आम्हांलाही आहे. तरी आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, हे एकदा मनाशी विचारावे.

चीन दूर आहे, म्हणून आपल्या भागात या. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात जेवर्गी आहे. तेथे शेतांच्या कडेला दगडांची वर्तुळे असलेल्या प्राचीन कबरी होत्या. ठगांवरील कादंबरीमुळे ज्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे ते कॅप्टन मेडोज टेलर शोरापूर, म्हणजे आजचे सुरपूर, येथे कारभारावर होते. त्यांनी १८५० च्या सुमारास ह्यांतील काही कबरी उकरून पाहिल्या व त्यांवर निबंध लिहिला. काही कबरींत सांगाड्यांची डोकी धडापासून वेगळी ठेवलेली त्यांना आढळली. मोठ्या माणसाबरोबर त्याच्या चाकरांची डोकी उडवून त्यांना पुरले असावे, असा टेलर साहेबांनी तर्क केला. हाडे गोळा करून मागाहून पुरण्याची चालही दक्षिणेत त्या काळी होती. तेव्हा हा तर्क आहे इतकेच आम्ही म्हणतो. विदर्भात नागपूरजवळ माहुरझरीच्या शिलावर्तुळांत मात्र धन्याबरोबर घोडे निघाले आहेत, तेही खरे, मातीचे नव्हेत.

याहून स्पष्ट पुरावा आपल्याच राज्याच्या दक्षिणेत आहे. म्हैसूर जिल्ह्यातील दोड्डहुंडी येथे नवव्या शतकातील एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावर गंग घराण्यातील राजा नीतिमार्ग मरणशय्येवर दाखविला आहे आणि त्याच्या सेवेशी अगरय्या नावाचा सेवक आहे. हा अगरय्या राजाचा 'कीळ्गुंटे' झाला असे शिळेवर कोरले आहे. आमच्या भागात कानडी सर्वांना कळते. कीळ् म्हणजे खाली. धन्याच्या देहाखाली पुरला जाणारा सेवक तो कीळ्गुंटे. बळजबरीने नव्हे; शब्द दिला होता म्हणून. अगरय्याचे घरदार होते का, त्याच्या मुलांचे पुढे काय झाले, हे शिळा सांगत नाही. आणि गावोगावच्या सतीशिळा तर आपण रोज पाहतो: दगडातून वर आलेला एक हात, त्यात बांगड्या. बीदर जिल्ह्यातील कोणत्याही जुन्या गावाच्या वेशीकडे, मारुतीच्या देवळामागे पाहावे. थोर माधवराव पेशव्यांच्या पत्नी रमाबाई १७७२ साली थेऊर येथे सती गेल्या, हे आपण शाळेत शिकलो आणि शिकताना आपल्याला अभिमान वाटला.

आता असा प्रश्न करू: मरणाऱ्याचा मागे राहणाऱ्यांवर हक्क किती? हा प्रश्न राजांपुरता नाही. आपल्या मराठीत अंत्यविधीला जाणे म्हणजे 'मातीला जाणे'. आपण माणसाला माती देतो आणि घरी परततो. पण पुष्कळदा मरणाऱ्याचा शब्द आपल्याबरोबर घरी येतो आणि मग तोच मातीसारखा एखाद्या जिवंत माणसावर पडतो.

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद ह्या पट्ट्यातील मंडळ्यांत आम्ही उपदेशासाठी फिरतो. तेथे पाहिलेल्या गोष्टी गावाचे नाव न घेता सांगतो. एका घरी आजीने डोळे मिटण्यापूर्वी नातीचे लग्न मामाशी झालेले पाहायचे असा हट्ट धरला. नात दहावीत होती. बालविवाहाचा कायदा २००६ चा आहे, हे त्या घरातील सर्वांना ठाऊक होते, आणि पाळकांनी नकार दिला हेही खरे. तरी घरच्यांनी दुसरीकडे जाऊन उरकून घेतले. आजी त्यानंतर सहा वर्षे जगली. दुसऱ्या घरी बापाने मरताना सांगितले, "माझ्या मातीला धाकट्याला येऊ देऊ नका." बांधाचे भांडण होते. दोघा भावांची मुले आता पन्नाशीला आली. एका चर्चमध्ये दोन बाजूंना बसतात, आणि प्रभुभोजनाच्या वेळी एकाच रांगेत येऊ नये म्हणून कोणी आधी उठायचे हेसुद्धा ठरलेले आहे. त्यांतील एकाला आम्ही विचारले की, भांडण कशाचे होते. तो म्हणाला, "नक्की ठाऊक नाही, पण आजोबांना शब्द दिलेला आहे ना." शब्द त्याने स्वतः दिलेला नव्हता, त्याच्या बापाने दिला होता.

मरणाऱ्याला दिलेला शब्द पवित्र असतो असे आपण मानतो, आणि ते अगदी चूक नाही. योसेफाने मिसरात मरताना आपल्या भाऊबंदांकडून शपथ घेतली की माझ्या अस्थी येथून घेऊन जा. कित्येक पिढ्यांनी मोशेने ती पाळली. ह्या शपथेने कोणाचे नुकसान झाले नाही, उलट दास्यातल्या लोकांपुढे घराची वाट राहिली. पण पवित्र शास्त्र दुसरेही दाखविते आणि झाकून ठेवीत नाही. १ राजे ह्या पुस्तकाचा दुसरा अध्याय शब्बाथ शाळेत सहसा शिकवला जात नाही. दावीद राजा अंथरुणावर आहे. तो शलमोनाला बर्जिल्ल्याच्या मुलांवर दया करायला सांगतो, त्यांना आपल्या पंगतीला बसव म्हणतो. आणि त्याच बोलण्यात यवाब व शिमी ह्यांना सुखाने मरू देऊ नको असेही सांगतो. शिमीला तर दावीदाने स्वतः अभय दिले होते. शलमोनाने दोन्ही आज्ञा पाळल्या. ह्या अध्यायाचे समर्थन करणारी भाष्ये आम्ही अभ्यासक्रमात वाचली आहेत. राज्याची स्थिरता वगैरे कारणे दिली जातात. आमचे समाधान झाले नाही. प्रभूच्या मनासारखा म्हटलेला मनुष्यसुद्धा मरताना दोन माणसांना बरोबर घेऊन गेला, असेच आम्ही तो अध्याय वाचतो.

याच्या उलट एक आज्ञाभंग पाहा. हेरोद राजा इ. स. पूर्व ४ मध्ये यरीहो येथे मरणाला टेकला होता. आपल्या मरणाने लोक आनंद करतील हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणून त्याने प्रतिष्ठित यहूदी लोकांना बोलावून शर्यतीच्या मैदानात कोंडले आणि बहीण सलोमी व तिचा नवरा ह्यांना आज्ञा दिली की, माझा प्राण जाताच ह्यांना मारा, म्हणजे देशभर रडणे होईल. हे योसेफस इतिहासकार सांगतो. (ही सलोमी म्हणजे हेरोदियेची नाचणारी मुलगी नव्हे.) ती काही साध्वी नव्हती, पण भाऊ मेल्यावर तिने त्या लोकांना सोडून दिले. वचन मोडले म्हणून तिला कोणी दोष दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

चीनच्या जुन्या बखरीतही इ. स. पूर्व ५९४ च्या नोंदीत अशीच एक हकिकत आहे. एका सरदाराची एक आवडती बाई होती, तिला मूल नव्हते. आजारी पडला तेव्हा त्याने वेई को नावाच्या आपल्या मुलाला सांगितले की, माझ्यामागे हिचे दुसरे लग्न लावून दे. दुखणे बळावले तेव्हा म्हणू लागला की, हिला माझ्याबरोबर पुरा. बाप गेल्यावर मुलाने तिचे लग्न लावून दिले. मरणाच्या जवळ बुद्धी भ्रमते. बुद्धी ठिकाणावर असताना बाप जे बोलला तेच त्याचे खरे बोलणे मी धरतो, असा त्याने निवाडा केला. दोनच शब्द बापाने दिले होते आणि दोन्ही एकदम पाळता येत नव्हते. त्याने बापाचा अधिक चांगला शब्द निवडला, आणि बापाची लाजही राखली.

ह्यावर कोणी म्हणेल की, ही तर पळवाट झाली. ज्याला शब्द नको असेल तो म्हणेल बाबा भ्रमात होते. आक्षेप बरोबर आहे. आमच्या पाहण्यात असे झाले आहे. एका गृहस्थांनी शेवटच्या दिवसांत मुलीलाही शेताचा वाटा द्या असे सांगितले, आणि मुलगे म्हणाले की त्यांना तापात काही कळत नव्हते. वेई कोच्या निवाड्यात आणि ह्या मुलांच्या निवाड्यात फरक आहे, तो असा की वेई कोला त्यातून काही मिळाले नाही. ह्यांना चार एकर मिळाले. शब्द मोडताना ज्याचा लाभ होतो तोच निवाडा करणारा असेल तर तो निवाडा संशयाने पाहावा. आणि शब्द पाळताना ज्याला किंमत द्यावी लागते त्याने स्वतः तो दिला होता का, हेही पाहावे. इफ्ताहाने नवस केला आणि तो त्याच्या मुलीने फेडला. शास्त्र ही गोष्ट शोकाने सांगते. मेलेल्याचे कर्ज फेडावे, त्याला नीट माती द्यावी, त्याचे चांगले नाव जपावे, त्याच्या वाटण्या पाळाव्यात. हा त्याचा हक्क आम्ही मानतो. तिसऱ्याच्या आयुष्यावर त्याचा हक्क चालत नाही. जिवंतपणी चालत नव्हता, तो मरणाने कोठून येईल?

प्रभू येशूच्या मरणाकडे आपण ह्या बाजूने फारसे पाहत नाही. योहानाच्या अठराव्या अध्यायात शिपाई बागेत येतात. मीच तो, असे प्रभू सांगतो, आणि मला धरायचे असेल तर ह्यांना जाऊ द्या, असे शिष्यांविषयी म्हणतो. पेत्र तर त्याच रात्री म्हणाला होता की मी तुझ्यासाठी जीव देईन; अगरय्याने राजाला दिला तसाच हा शब्द. प्रभूने तो त्याच्याकडून वसूल केला नाही. पुढील अध्यायात वधस्तंभावरून तो आईला शिष्याच्या हवाली करतो आणि शिष्याला आईच्या. राजांचा राजा मरतो तेव्हा त्याची शेवटची व्यवस्था ही, की मागे राहिलेल्या बाईला घर मिळावे. तिने आयुष्यभर माझ्या कबरेशी बसावे, असे तो म्हणत नाही.

हे वाचूनही आपण आपल्या घरच्या विधवेला काय करतो? सती केव्हाच बंद झाली, आणि ती बंद करण्याच्या कामी विल्यम केरीसारखे मिशनरी झटले ह्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. १८२९ च्या डिसेंबरात सतीबंदीचा कायदा त्यांच्याकडे भाषांतरासाठी आला तेव्हा रविवार होता. त्यांनी उपासना दुसऱ्यावर सोपवून दिवसभर भाषांतर केले. पण चिनी राजांनी माणसाची जागा मातीला दिली, आणि आपण जिवंत बाईलाच मातीचा पुतळा करून ठेवला. आमच्या भागातील कित्येक ख्रिस्ती घरांत आजही नवऱ्याच्या मातीच्या दिवशी बायकोच्या बांगड्या फोडतात. लग्नात हळदीला ती पुढे येत नाही, नवरीला हात लावीत नाही, स्वतःच्या लेकीच्या लग्नातसुद्धा मांडवाच्या खांबाशी उभी राहते. पाळकसाहेब पवित्र विवाहाचा विधी चालवीत असतात आणि ती तेथे खांबाशी राखणदारासारखी उभी असते. कोणी विचारले तर म्हणतात, "तिलाच नको वाटते." अगरय्यालाही तसेच वाटले असेल.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड हे गाव कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. मे २०२२ मध्ये तेथील ग्रामपंचायतीने ठराव केला की पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे ही प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुसरावे असे सांगितले. हा ठराव गावच्या पंचायतीने केला. पुनरुत्थानाची सुवार्ता दर रविवारी ऐकणाऱ्या आपल्या मंडळ्यांपैकी कितींनी असा ठराव आपल्या वहीत लिहिला आहे, हे प्रत्येक मंडळीच्या वडीलजनांनी आपापली वही उघडून पाहावे.

एक सूचना करून थांबतो. वडीलधारी माणसे धडधाकट असतानाच त्यांच्या शेवटच्या इच्छा विचाराव्यात, लिहून घ्याव्यात, आणि त्या इच्छेत ज्या ज्या माणसाचे नाव येईल त्याला समोर बसवून वाचून दाखवाव्यात. आमच्या ओळखीच्या एका वृद्ध भावांनी असे केले. आपली कबर पक्की, संगमरवरी पाटीची व्हावी असे त्यांनी लिहिले होते. धाकट्या मुलाने हळूच सांगितले की बियाण्याचे कर्ज अजून फिटलेले नाही. त्यांनी त्या ओळीवर काट मारून साधा लाकडी क्रूस असे लिहिले. थोरल्या सुनेने आपल्यानंतर माहेरी जाऊ नये असेही लिहिले होते. तिच्या तोंडाकडे पाहून ते काही बोलले नाहीत, पण तीही ओळ काटली. एका गोष्टीवर मात्र अडून राहिले. मातीच्या वेळी गीत मराठीतच व्हावे, कानडीत नको. घरातील धाकटी सून हुमनाबादकडची, कानडी घरातली, तिला मराठी गीते येत नाहीत. तिला विचारले तर ती हसली आणि म्हणाली, "मामा, शिकते की." सध्या संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर ते स्वतःच तिला चाल शिकवीत आहेत.